खवखवत्या घशासाठी नाशपतीचं चिनी गोड सार

मुंबईत मोसमी पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास परततो आणि वारा फिरतो. चार महिने समुद्रावरून येणारी दमट हवा थांबते, जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, पारा पस्तिशीच्या आगेमागे खेळतो. रस्त्यांच्या खोदकामांची आणि बांधकामांची धूळ खाली बसवायला पाऊस उरलेला नसतो. मग लोकलच्या डब्यात ढास लागलेली माणसं दिसायला लागतात. ताप नाही, कफ नाही, नुसता कोरडा ठसका आणि घशात खवखव. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हे कमीजास्त चालूच राहतं.

दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात या दिवसांत घरोघरी नाशपतीचं गोड सार शिजतं. तिथे अशा पातळ गोड पदार्थांना 'तोंग सुई' म्हणतात आणि ते जेवणानंतर किंवा दुपारी कोमट पितात. नाशपती, स्नो फंगस नावाचं पांढरं अळंबं, लाल बोरं, गोजी बेरी नावाची सुकी लाल फळं आणि खडीसाखर एवढाच ऐवज. माझगावात नवाब टँकपाशी सी यूप हे चिनी मंदिर आहे, ते 1919 मध्ये बांधणारी मंडळी याच क्वांगतुंगची. पण मुंबईच्या 'चायनीज' मेन्यूवर मंचुरियन आणि ट्रिपल शेजवान यांच्यापुढे या साराला जागा मिळाली नाही. घरीच करावं लागतं, आणि घरी ते फार चांगलं होतं, कारण त्याचं बहुतेक सामान आपल्या बाजारात आधीपासून आहे. फक्त ते नेहमीच्या किराणा दुकानात मिळत नाही.

आधी हे कुणासाठी आहे ते बघू, कारण गडबड इथेच होते. पारंपरिक चिनी वैद्यकात शरद ऋतू, फुप्फुसं, धातू हे तत्त्व आणि पांढरा रंग एका रांगेत मांडलेले आहेत. शरदातला कोरडेपणा फुप्फुसांना बाधतो आणि पांढऱ्या, ओलावा देणाऱ्या पदार्थांनी तो निवतो असं ते मानतात. मिंग काळातले वैद्य ली शिजेन (1518–1593) यांनीही नाशपतीची नोंद फुप्फुसांना ओलावा देणारं आणि उष्णता कमी करणारं फळ अशीच केली आहे. 'हे थंड', 'ते उष्ण', 'अमुक बाधलं' ही भाषा मराठी घरांना नवी नाही, त्यामुळे इथवर पटायला वेळ लागत नाही. चिनी पद्धत एक पाऊल पुढे जाते आणि खोकला कोणता ते विचारते. खोकला कोरडा असेल, घसा सुकत असेल, ओठ फुटत असतील, तर नाशपती. नाक वाहतंय, पांढरा पातळ कफ पडतोय, अंगात हुडहुडी आहे किंवा पोट बिघडलंय, तर नाशपती नको; तिथे आलं घातलेलं काहीतरी गरम. या हिशेबाने हे सार जुलै-ऑगस्टच्या ओल्या सर्दीचं नाही, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या ढासेचं आहे. भर पावसात सर्दीने भरलेल्या माणसाला हे पाजून 'काही उपयोग झाला नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर हे औषध नव्हे. कोमट, बुळबुळीत, गोडसर द्रव गिळला की घशाला काही वेळ आराम पडतो आणि पोटात पाणी जातं. एवढं काम ते चोख करतं. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, धाप यांपैकी काहीही असेल तर पातेलं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. मुंबईत दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकीची टीबी तपासणी ही सरकारी शिफारसच आहे.

आता सामान. चार माणसांना मोठी वाटी भरून आणि वर थोडं उरेल एवढ्यासाठी वाळलेलं स्नो फंगस 15 ग्रॅम, नाशपती दोन मोठ्या किंवा तीन मध्यम (साधारण 450 ग्रॅम), लाल बोरं 30 ग्रॅम, गोजी बेरी एक मोठा चमचा, खडीसाखर 50 ग्रॅम आणि पाणी दीड लिटर. चिनी घरांत गोडी बेताची ठेवतात. श्रीखंडावर वाढलेल्या जिभेला 70 ग्रॅमपर्यंत जावंसं वाटेल, पण त्यापुढे सार न राहता पाक होतो आणि घशाला उलट तहान लागते.

नाशपतीबद्दल जरा सविस्तर. फळवाल्याकडे दोन प्रकार दिसतात. एक मऊ, लांबट मानेची, लोण्यासारखी लागणारी बाबूगोशा. दुसरी गोलसर, टणक, दाताखाली कचकचणारी आणि थोडी रवाळ नाशपती, जिला खायला म्हणून फारसं कुणी विचारत नाही. सारासाठी दुसरीच हवी. पंजाबकडून येणारी पत्थरनाख ही कडक जात आशियाई नाशपतींच्या गटातली आहे, आणि चिनी स्वयंपाकात वापरतात त्या नाशपतीही याच बाजूच्या. बाबूगोशा युरोपीय गटातली. फरक शिजवताना कळतो. रवाळ नाशपतीत दगडपेशी, म्हणजे जाड भिंतीच्या कठीण पेशी असतात. अर्धा तास उकळूनही फोड आकार धरून राहते, आतून पारदर्शक होते आणि रस पाण्यात सोडते. बाबूगोशा दहा-बारा मिनिटांत विरघळते आणि साराचा लगदा होतो. पत्थरनाखचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. ऑक्टोबरनंतर शीतगृहातला माल किंवा बाहेरच्या देशांतून आलेली हिरवी नाशपती मिळते. तीही चालते, फक्त घेताना देठाजवळ अंगठ्याने दाबून बघायची. दबली तर सारासाठी उशीर झालेला आहे, ती तशीच खावी. नाशपती अजिबातच नसेल तर घट्ट सफरचंद घ्यावं. सफरचंद आणि स्नो फंगसचं सारही चीनमध्ये करतात, त्यामुळे ती तडजोड नव्हे.

साल काढू नये. चिनी समजुतीत खोकल्यासाठी सालच महत्त्वाची, आणि व्यवहारात सालीमुळे फोडी एकसंध राहतात. बाहेरून आलेल्या फळांवर बहुधा मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात फळ बुडवून जाड कापडाने चोळलं की तो निघतो. मधला गाभा आणि बिया मात्र काढून टाकायच्या. बियांत सायनाइड सोडणारं अमिग्डलिन असतं, आणि उकळल्यावर गाभाही तुरट लागतो.

लाल बोरं म्हणजे चिनी बोरं, इंग्रजीत 'जुजूब'. ही आपली बोरं नव्हेत, शाळेबाहेर मिळणारी खारवलेली सुकी बोरं तर मुळीच नव्हेत. त्यांनी सार आंबट होतं. पण हेच चिनी बोर युनानी औषधांत 'उन्नाब' म्हणून शतकानुशतकं वापरात आहे, जोशांद्यात, म्हणजे सर्दी-खोकल्याच्या युनानी काढ्यात, ते असतंच. भेंडीबाजार, महंमद अली रोड भागातल्या युनानी औषधांच्या दुकानांत 'उन्नाब द्या' म्हटलं की सुटं मिळतं. हे दाणे चिनी पाकिटांतल्या बोरांपेक्षा लहान असतात, म्हणून नगावर न जाता वजनावर जायचं. घेताना मुठीत धरून हलवून बघा: वजनाला हलका, खुळखुळणारा दाणा आतून पोखरलेला असतो. घरी आणल्यावर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, सुरीने उभी चीर द्यायची, बी काढायची, आत अळी नाही ना ते बघायचं. बी ठेवली तर सार उष्ण पडतं असं कँटनच्या, म्हणजे क्वांगतुंगच्या राजधानीतल्या बायका सांगतात. ते असो, बीचं टोक घशाला टोचतं आणि लहान मुलांच्या घशात ती अडकू शकते, तेवढं कारण पुरेसं आहे. बोरांऐवजी खारीक घालायचा मोह होईल. घालू नका. तिची गोडी जड, रंग गढूळ, आणि आपल्याच हिशेबाने ती उष्ण.

खडीसाखर धाग्याची घ्यावी, मोठ्या खड्यांची. साधी साखर घातली म्हणून काही अडत नाही, पण खडीसाखरेचं सार चवीला स्वच्छ लागतं. गूळ नको, त्याची स्वतःची चव फार. गोजी बेरी सुक्यामेव्याच्या मोठ्या दुकानांत मिळते. घेताना एकमेकींना चिकटून गोळा न झालेली बघावी. भडक लाल आणि पाण्यात टाकताक्षणी रंग सोडणारी असेल तर ती रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. वॉरफेरीनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गोजी पूर्ण वगळावी, कारण तिने त्या गोळीचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत.

राहिलं स्नो फंगस. खास बाहेरून मिळवायची वस्तू ही एकच. क्रॉफर्ड मार्केटमधली आयात मालाची दुकानं किंवा ऑनलाइन. वाळलेलं स्नो फंगस म्हणजे सुरकुतलेल्या पाकळ्यांचा, हाताला कुरकुरीत लागणारा हलका गड्डा. रंग हस्तिदंती, किंचित पिवळसर हवा. पांढराशुभ्र दिसला तर गंधकाची धुरी दिलेली असू शकते. नाकाशी धरल्यावर आंबट, झणझणीत वास आला तर खात्रीच समजा. तपकिरी डाग आणि कुबट वास म्हणजे माल जुना. पाकिटावर तारीख आणि एफएसएसएआय क्रमांक बघून घ्या. पावसाळ्यात ते उघड्या डब्यात ठेवलं तर दमट होऊन पिवळं पडतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये.

चायना ग्रास ही त्याची बदली होत नाही, ते अगरअगर असतं आणि थंड झालं की वडीसारखं घट्ट बसतं. सब्जाही नाही. स्नो फंगस नसेल तर नुसत्या नाशपतीचं पातळ सार करा, ते उत्तम लागतं. मखाणा घालावा का, असंही मनात येईल. चिनी गोड सारांत मखाण्याचं बी पडतं खरं, पण न फुलवलेलं. आपला मखाणा लाहीसारखा फुलवलेला असल्याने सारात चिंब होऊन बसतो. पूजेच्या दुकानातला कमळगट्टा तर खाण्यासाठी विकलेलाच नसतो. आणि चिनी दुकानांतल्या पाककृतींत जर्दाळूच्या बियांतल्या गरांचा उल्लेख असतो, गोड आणि कडू अशा दोन जातींचा. कडू गरांतून सायनाइड सुटतं. आपल्याकडे सुट्या मिळणाऱ्या गरांत कडू किती ते कोण सांगणार? तो वास हवाच असेल तर सोललेले साधे बदाम सात-आठ घाला.

आता भिजवण्याबद्दल, आणि हे जरा नीट वाचा. स्नो फंगस साध्या, माठातल्या तापमानाच्या पाण्यात 45 मिनिटं ते एक तास भिजवायचं. गरम पाण्यात ते लवकर मऊ पडल्यासारखं वाटतं, पण पाकळ्या चिकट होतात आणि पूर्ण फुलत नाहीत. भांडं मोठं घ्या, कारण मुठीएवढा गड्डा फुलून पातेली भरतो. पहिलं पाणी दहा मिनिटांनी ओतून द्यायचं, दुसरं अर्ध्या तासाने. त्याने धूळ जाते, गंधकाचा अंश असेल तर तोही बराचसा उतरतो. दोन पाण्यांनंतरही आंबट वास राहिला तर तो गड्डा टाकून द्यावा.

आपल्याला मटकी-छोले रात्रभर भिजत घालायची सवय आहे. इथे ती सवय घातक आहे. भिजलेल्या अळंब्यांवर, विशेषतः मुंबईच्या उकाड्यात, बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली जातीचे काही जिवाणू वाढू शकतात आणि ते बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं विष तयार करतात. या विषाला वास नाही, चव नाही, ते उकळून नष्ट होत नाही, आणि त्यावर उतारा नाही. चीनमध्ये बराच काळ भिजत राहिलेल्या अळंब्यांमुळे विषबाधा होऊन माणसं दगावलेली आहेत. वाळलेला, चांगला माल तासभर भिजवून लगेच शिजवला तर काळजी नाही. मध्येच बाहेर जावं लागलं तर भांडं फ्रिजमध्ये ठेवून जा. काल रात्रीपासून ओट्यावर राहिलेलं असेल तर धुऊन, उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका, सरळ फेकून द्या.

फुललेला गड्डा उलटा केला की मधोमध एक पिवळट, टणक बुंधा दिसतो. कात्रीने तो गोल कापून काढायचा. तो कितीही शिजवला तरी दाताखाली रबरासारखाच राहतो. बुंधा निघाला की पाकळ्या आपोआप सुटतात. त्या बोटांनी नखाएवढ्या, फार तर दीड सेंटीमीटरच्या तुकड्यांत फाडायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण सार आळून येणार की पाण्यासारखं राहणार हे इथेच ठरतं. तुकडा जितका लहान, तितका त्यातला चिकट अंश पाण्यात लवकर उतरतो.

जाड बुडाचं चार लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढई नको, फळांतल्या टॅनिनमुळे सार काळवंडतं. पाणी आणि स्नो फंगस एकत्र उकळायला ठेवा. उकळी आली की आच अगदी मंद, पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा येईल एवढीच. झाकण किंचित तिरकं. पूर्ण झाकलं तर फेस येऊन उतू जातं आणि शेगडीवर सांडलेलं वाळल्यावर खरवडून काढावं लागतं. अशी 50 ते 60 मिनिटं. शेवटच्या वीस मिनिटांत पाच-सात मिनिटांनी तळापासून ढवळायचं, नाहीतर जड तुकडे बुडाला लागतात. पळीतून सोडल्यावर पाणी धारेऐवजी जरा लोंबत पडलं की पहिला टप्पा झाला.

मग बोरं आणि नाशपती. नाशपतीचे प्रत्येकी आठ भाग, मोठ्या असतील तर ते पुन्हा आडवे अर्धे. कापून झाल्या की तशाच पातेल्यात जाऊ द्या. काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाच्या पाण्यात ठेवायची गरज नाही, तो आंबटपणा सारात उगाच उतरतो. 25 मिनिटं मंद आचेवर. फोडीची कड काचेसारखी दिसायला लागली आणि सुरीचं टोक थोडं अडून आत गेलं की खडीसाखर घाला, आणखी दहा मिनिटं. साखर आधी घातली तर फळ आखडतं, बाहेरून शिजल्यासारखं दिसतं आणि आत कच्चं राहतं. गोजी बेरी धुऊन सगळ्यात शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. ती लवकर पडली तर आंबटते, फुटते आणि सगळं सार नारिंगी करून टाकते. गॅस बंद केल्यावर झाकून अर्धा तास तसंच ठेवायचं. या अर्ध्या तासात ते साबुदाण्याच्या पातळ पेजेइतकं आळून येतं.

गॅस तासभर जाळायचा नसेल तर कुकर आहेच. पाच लिटरचा कुकर, त्यात सव्वा लिटर पाणी आणि फाडलेलं स्नो फंगस. निम्म्यावर भरायचा नाही, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. एक शिट्टी झाली की आच मंद करून 20 मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर चिकट पाण्याचा फवारा छताला जातो. उघडल्यावर बोरं, नाशपती, साखर, गोजी हे सगळं वरच्याच क्रमाने, उघड्या कुकरात. नाशपती शिट्टीत घालू नका.

सार पातळच राहिलं तर बहुतेक वेळा तुकडे मोठे असतात किंवा पाणी जास्त पडलेलं असतं. काही वेळा मालच जुना. शिजलेल्या स्नो फंगसची एक वाटी काढून, थोडी निववून मिक्सरमधून दोन झटके फिरवा आणि परत सारात मिसळा, पुष्कळ सुधारतं. आच मोठी ठेवून वेळ वाचवायला गेलं तर पाणी आटतं पण पाकळ्या मऊ होत नाहीत, त्यामुळे दाट दिसणाऱ्या सारात चिवट तुकडे पोहत राहतात. नाशपती गुलाबीसर झाली तर घाबरू नका, तिच्यातलं टॅनिन लांब शिजवल्यावर रंग बदलतं, फळ खराब नसतं. सार तपकिरी झालं म्हणजे बोरं जास्त पडली. कडसर लागलं तर गाभा नीट काढलेला नाही किंवा बोराच्या बिया राहिल्या आहेत, त्यावर साखर ओतून उपयोग नाही.

प्यायचं कोमट, चमच्याने, संध्याकाळी चारच्या सुमारास किंवा रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने. बर्फ घालून पिणं चिनी समजुतीत निषिद्धच, आणि खवखवत्या घशालाही ते नकोच असतं. एका वेळी एक वाटी पुरे. नाशपतीत सॉर्बिटॉल असतं, जास्त झालं तर पोट ढिलं होतं. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळली तरी फळांची आणि बोरांची साखर उरतेच, ती दिवसाच्या हिशेबात धरा. सतत थंडी वाजणाऱ्या, पचन नाजूक असलेल्या माणसासाठी आल्याच्या दोन पातळ चकत्या नाशपतीबरोबर टाकाव्यात, चीनमध्येही तसं करतात. कफ थोडा आहे पण सुटत नाही अशा वेळी ते जुनी वाळवलेली संत्रासाल घालतात. आपल्या नागपुरी संत्र्याची साल त्याच कुळातली. आतला पांढरा भाग खरवडून उन्हात कडकडीत वाळवलेला नखभर तुकडा पुरतो, जास्त घातली तर सार कडू.

उरलेलं सार दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, तीन दिवस टिकतं. थंड झाल्यावर ते जेलीसारखं गोळा होतं. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर गरम केलं की पुन्हा सैल होतं. फ्रीझरमध्ये ठेवू नये, नाशपतीच्या फोडी स्पंजासारख्या होतात.

एकाच आजारी माणसासाठी एवढा खटाटोप नको असेल तर वाफवलेली नाशपती करावी. टणक नाशपतीचा वरचा भाग टोपीसारखा कापायचा, चमच्याने गाभा कोरून काढायचा, तळ फुटू द्यायचा नाही. पोकळीत खडीसाखरेचे दोन खडे, बी काढलेली तीन-चार उन्नाब आणि दोन चमचे पाणी. टोपी परत ठेवून दोन टूथपिकनी टोचायची. हे खोलगट वाटीत बसवून, कुकरमध्ये शिट्टी न लावता 45 मिनिटं वाफवायचं. तळातलं पाणी मध्ये एकदा तपासा. वाटीत जो रस जमतो तो आधी पाजायचा, मग नाशपती चमच्याने. फोड गिळायचाही कंटाळा आलेल्या माणसाला हा रस चालतो.

पपईचं सारही कँटनमध्ये तितकंच लोकप्रिय, आणि पपई मुंबईत बारा महिने मिळते. वरचंच प्रमाण, नाशपतीऐवजी 400 ग्रॅम पपई. पिवळी पडलेली पण अजून घट्ट असलेली घ्या, फोडी मोठ्या करा आणि शेवटच्या बारा-पंधरा मिनिटांतच घाला. पूर्ण पिकलेली विरघळते. कच्च्या पपईच्या चिकामुळे घशाला खाज येते, म्हणून हिरवी अजिबात नको. गरोदरपणात आपल्याकडे पपई टाळतात, तेव्हा नाशपतीवरच राहावं.

ऑफिसला न्यायला मात्र बेजिंगकडची पद्धत सोयीची. तिकडे नाशपतीचा दाट पाक करून बरणीत ठेवतात. दीड किलो टणक नाशपती सालीसकट किसायच्या, किसासकट सगळा रस पातेल्यात घ्यायचा. त्यात 20 ग्रॅम आलं ठेचून, 40 ग्रॅम बिया काढलेली बोरं आणि 100 ग्रॅम खडीसाखर. मंद आचेवर 45 मिनिटं शिजवून जाड फडक्यातून पिळून गाळायचं. चोथा टाका आणि रस पुन्हा आटवायला ठेवा. तासभर तरी लागतो. शेवटची दहा-पंधरा मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही, कारण पाक होता होता तो करपतो आणि करपलेला वास जात नाही. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की झालं. पाव लिटरच्या आसपास निघतो. बोटाला सोसेल इतका कोमट झाल्यावरच त्यात 100 ग्रॅम मध मिसळायचा. उकळत्या पाकात मधाचा वास उडून जातो. मध असल्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला हा पाक द्यायचा नाही, थेंबभरही नाही. उकळून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की दोन-तीन आठवडे जातो. ओला चमचा बुडवला तर आठवड्यात वर बुरशी येते. प्यायच्या वेळी एक मोठा चमचा पाक कपभर कोमट पाण्यात ढवळायचा. थर्मासमध्ये आधीच मिसळून नेलेला दुपारपर्यंत ठीक राहतो, संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस चव येते, म्हणून पाक छोट्या डबीत वेगळा न्यावा.